जुना कॉम्प्युटर आधी भंगारात घाला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत ज्या ज्या ऑफिसांत ‘चालतंय की अजून’ म्हणत जुनी मशीनं ओढली जात होती, तिथं नवी खोकी येऊन पडली. तुमच्याकडंही आलं असेल तर अभिनंदन. आता पहिलं काम करा: जुनं मशीन त्याच दुपारी भंगारवाल्याला द्या. त्याच्या पोटात काय आहे ते बघत बसू नका. साहेबांच्या मेहुण्यानं कधीकाळी ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटा साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलांचा प्रोग्राम करून दिला होता, त्याचा सगळा डेटा त्याच कोपऱ्यातल्या, उदबत्तीचा धूर खाल्लेल्या डब्यात होता आणि बाकीची तीन मशीनं रोज त्याच्याच जिवावर चालत होती, असलं काही कळलं तर उगीच निर्णय लांबणीवर पडतो.

बॅकअप घ्यायचाच हट्ट असेल तर डेस्कटॉपवरचं चिन्ह पेनड्राइव्हवर ओढा. एका क्षणात कॉपी होईल. ‘सगळा धंदा दोन केबीत बसला’ म्हणून खूश व्हा. चिन्हाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण दिसतो, त्याच्याकडं दुर्लक्ष करा. तो फक्त एवढंच सांगत असतो की हा नुसता रस्ता आहे, घर दुसरीकडं आहे.

मग संध्याकाळी भंगारवाल्याच्या मागं पळा. हार्ड डिस्क बहुतेक मिळते, आपल्याकडं माणसं चांगली आहेत.

फाइल नव्या मशीनवर आली की सगळे एकदम ओरडतील, “साहेब, उघडंना! काल चालत हुतं की!” इथं घाबरायचं नाही, राऊटर बंद करून चालू करायचा. प्रत्येकाच्या मशीनवरच्या प्रोग्रामात डेटाच्या टेबलांचा पूर्ण पत्ता, म्हणजे जुन्या मशीनचं नाव आणि फोल्डर, लिहून ठेवलेला असतो, हे डोक्यात येऊ देऊ नका. नव्या मशीनला विंडोजनं ‘डेस्कटॉप’ आणि पुढं सात अगम्य अक्षरं असं नाव स्वतःच ठेवलेलं असतं. ते बदलून जुन्या मशीनचं नाव दिलं आणि फोल्डर त्याच नावानं शेअर केला तर बऱ्याचदा काम तिथंच मिटतं. किंवा ॲक्सेसमधलाच लिंक्ड टेबल मॅनेजर उघडून नवा पत्ता द्यायचा. पण दहा मिनिटांत मिटलं तर इंजिनिअरला व्हिजिटचे पैसे कशाचे द्यायचे?

यानंतरचा टप्पा माझ्या विशेष आवडीचा. फाइल उघडते, पण एकालाच. अकाउंटच्या वहिनी आत गेल्या की डिस्पॅचचा पोरगा बाहेर. त्यांनी चहाला उठावं म्हणून तो दारात उभा. ॲक्सेसला ज्या फोल्डरात डेटा आहे त्याच फोल्डरात एक छोटी कुलपाची फाइल तयार करायची असते. जुन्या प्रकारात तिचं एक्स्टेन्शन एलडीबी, नव्यात एलएसीसीडीबी. कोण कोण आत आलं याची नोंद तीच ठेवते. नोटपॅडमध्ये उघडलीत तर मशीनांची नावं वाचता येतात. आता तुम्ही सुरक्षिततेच्या कळवळ्यानं फोल्डर शेअर करताना ‘फक्त वाचा’ ठेवलं असेल, तर ही फाइल तयारच होत नाही. उपाय म्हणजे सगळ्यांना त्या फोल्डरात लिहायची आणि पुसायचीही परवानगी देणं. पण तुम्ही तसं करू नका. त्यापेक्षा वहिनींच्या आणि पोराच्या वेळा लावून द्या, सकाळ-दुपार. कारखान्यात शिफ्ट चालते, मग ऑफिसात का नको?

वजनकाट्याचा जुना प्रोग्राम ओडीबीसीनं, म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याचा डेटा वाचू देणाऱ्या विंडोजच्या जोडणीनं, जोडलेला असेल तर तोही बसेल रुसून. त्याला ३२-बिट सेटिंग लागतं. ते विंडोजमध्ये ‘सिसवाव६४’ नावाच्या फोल्डरात असतं आणि ६४-बिटवालं ‘सिस्टम३२’ मध्ये. टायपिंगची चूक नाही ही, खरंच असंच आहे. यावर मी उपरोध काय करणार?

तारखांचं मात्र कुणाला सांगू नका. नवं मशीन बऱ्याचदा अमेरिकेच्या सेटिंगनं येतं, आधी महिना, मग दिवस. वहिनी पाच एप्रिल म्हणून ०५/०४ टाकतात, मशीन चार मे समजून ठेवतं. तेरा तारखेपासून मात्र सगळं बरोबर, कारण तेरावा महिना नसतो म्हणून मशीन निमूटपणे दिवस-महिना अदलाबदल करून घेतं. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या बारा तारखांची बिलं वर्षभर विखुरतात आणि उरलेली जागेवर राहतात. सगळंच चुकलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं. आणि जुन्या फॉन्टात टाइप केलेली पार्टीची मराठी नावं नव्या मशीनवर चिन्हांचा चिवडा होऊन दिसली तर तो फॉन्ट शोधू नका, नवीन पार्ट्या शोधा.

बॅकअपचं म्हणाल तर पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवा. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे गावातलं पोरगंही झोपेत सांगतं. आपला डेटा कुठल्या मशीनच्या कुठल्या फोल्डरात आहे, हे विचारायला मात्र दुबईला गेलेल्या मेहुण्याला फोन लावावा लागतो.

त्यानं फोन उचलला नाही तर शेवटचा आणि सगळ्यात लोकप्रिय उपाय: चारही मशीनवर डेटाची एकेक कॉपी टाका. कुणाला कुणाची वाट बघायला नको, कुलूप नको, नेटवर्क नको. प्रत्येक जण आपापल्या फाइलचा राजा. ३१ मार्चला चारही फायली शेजारी शेजारी उघडा आणि जिच्यात येणं सगळ्यात जास्त दिसेल ती खरी माना. पार्टीकडं पाचवी असणारच.