मी, ओहोटी

रविवारी सकाळी साडेआठला मी संभाजी तलावाच्या काठावर चादरीवर पालथा पडून मागे मागे सरकत होतो. मी ओहोटी होतो.

मेव्हणीने परस्पर नाव घातलेलं. किनाऱ्याशी नातं जोडणारी नृत्य कार्यशाळा, तीनशे रुपये, चादर आपापली. चादरीला सोलापुरात तोटा नाही हो, तोटा किनाऱ्याचा आहे. समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी अडीचशे किलोमीटरच्या पुढे. समोर होती ती जलपर्णी.

पुण्याहून आलेल्या ताई म्हणाल्या, "पश्चिमेला तोंड करा. तुमच्यातलं पाणी समुद्राला हाक मारतंय." मी म्हणालो, "ताई, आमची भीमा रायचूरकडे कृष्णेला मिळते आणि जाते बंगालच्या उपसागरात. हाक मारायचीच तर पूर्वेला तोंड करू." चुकीचं काय बोललो? "दादा, विचार सोडा," म्हणत त्यांनी मला लाटांमधून काढलं आणि एकट्याला ओहोटी केलं. मेव्हणी लाटच राहिली.

सरकत सरकत मी थांबलो तो एका म्हाताऱ्याच्या वहाणांपाशी. धोतर, टोपी, हातात भाकरीचं फडकं.

"काय झालं मालक?"

"काही नाही. ओहोटी."

"ओटीपोटात दुखायलंय?"

"ओहोटी! समुद्राचं पाणी मागं जातं ना, ते."

"कुठला समुद्र?"

मी पश्चिमेला हात केला. तिकडे बावीस माणसं हात वर करून डुलत होती. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "आगागा, समद्यांनाच ऊन लागलंय की!"

मग ते खाली बसले. फडकं सोडलं. कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी, कांदा. कांदा दगडावर ठेवून एका बुक्कीत फोडला आणि अर्धा माझ्या नाकाला लावला. "ओढा श्वास. आणखी. सोडायचा नाही." सकाळपासून ताई पोटातून श्वास घ्या म्हणत होत्या, तो आत्ता कुठे घेतला गेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

ताईंनी ते लांबून पाहिलं. "बघा! दादांना समुद्र भेटला!"

टाळ्या. कुणीतरी व्हिडिओही काढला. तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलाय.

राग त्याचा नाही. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते, आमच्या नळाला चार-पाच दिवसांतून एकदा. तेही उजनीहून शंभर किलोमीटर नळातून येणार, येईल त्या वेळेला. इथली माणसं पिंप भरतात, मग बादल्या, मग कळशा, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवतात. आणि आम्हाला पाण्याशी नातं जोडायला शिकवणार, तेही तीनशे रुपये घेऊन.

घरी आलो तर बायको दारातच उभी.

"पाणी येऊन गेलं. मोटार कोण लावणार होतं?"

पुढचं पाणी आता शुक्रवारी. हाताचा कांद्याचा वास तोपर्यंत राहील बहुतेक, धुवायला पाणी आहे कुठे?