शहाण्याला एक सकाळ

कोरियाच्या सेजोंग राजाने 1443 साली नवी लिपी, आजची हंगुल, तयार केली आणि 1446 मध्ये ती प्रजेच्या हाती दिली. चिनी अक्षरं सामान्य माणसाला झेपत नाहीत, म्हणून बिचाऱ्याचा जीव कळवळला. इथवर सगळं ठीक. पण त्याच्या दरबारातल्या जॉंग इन-जी नावाच्या पंडिताने सोबत लिहून ठेवलं, की शहाणा माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मूर्खालाही दहा दिवस पुरे होतील. दहा दिवसांनंतरही जे उरतात, त्यांची सोय पंडितजींनी कुठेच लावलेली नाही. मी पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली होती. आता दिवाळीचे कंदील लागलेत.

माझी गुरू म्हणजे माझी भाची. कोरियन मालिकांवर पोसलेली. "मामा, सोप्पंय अरे! चौदा व्यंजनं, दहा स्वर. संपलं."

सुरुवात खरंच भुरळ घालणारी आहे. 'न' म्हणताना जीभ वर टेकते, तिचा बाजूने दिसणारा आकार म्हणजेच ते अक्षर. 'म' म्हणजे चौकोनी तोंड, 'स' म्हणजे दात. खातरजमा करायला मी आरशासमोर आ वासून उभा राहिलो. बायकोने डोकावून विचारलं, "दाढ का?"

मग स्वर आले. उभ्या काठीला उजवीकडे बारीक रेघ फुटली की आ, डावीकडे फुटली की ऑ. काठी आडवी पाडून रेघ वर काढली तर ओ, खाली काढली तर उ. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाचं सेजोंग महाराजांनी काय घोडं मारलं होतं, कळत नाही. शिवाय एक गोल आहे. इथे अक्षरं ठोकळ्यात रचतात; तो ठोकळ्याच्या सुरुवातीला बसला तर मौनव्रत, तळाला बसला तर 'ङ'. घरात असे एकदोघं असतातच म्हणा.

पण खरा छळ पहिल्या अक्षराचा. गियक. काटकोनात वाकलेली नुसती एक रेघ. शब्दाच्या आरंभी ती 'क'कडे झुकते, दोन स्वरांच्या मध्ये सापडली की सरळ 'ग' होते. 'ब'चीही तीच तऱ्हा. म्हणूनच 2000 सालापर्यंत इंग्रजीत पुसान लिहीत होते, मग बुसान लिहू लागले; कोरियन पाटीवरचं अक्षर मात्र जागचं हललं नाही. क, ख, ग, घ एका दमात घोकून मोठे झालेले आपण, आपल्याला हे पटायचं कसं? आणि वर कोरियन लोक अडाणी माणसाला म्हणतात, 'समोर विळा ठेवला तरी याला गियक ओळखता येत नाही.' आकार विळ्यासारखा ना! आपण बापडे नुसतं 'ढ' म्हणून सोडून देतो, हत्यार काढत नाही.

त्या विळ्याचीही गंमत आहे. विळा, दिवस आणि चेहरा या तिघांना कोरियनमध्ये तीन शब्द आहेत. लिहिताना तळाला अनुक्रमे स, ज आणि छ. म्हणताना तिन्ही 'नात्'. तळघरात गेलं की या सगळ्यांचा 'त्' होतो. असं का, हे विचारलं तर भाची म्हणते, "मामा, फील घे."

परवा तिने सरावाला नूडल्सचं पाकीट आणून दिलं. मी बोट फिरवत, घाम पुसत, एकेक ठोकळा फोडत मोठ्याने लावलं, "मे... उन... मास."

आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच बाहेर आली. "कसलं मांस? एकादशी आहे आज!"

"आजी, मास नाही गं, मात्! म्हणजे चव. तिखट चव असं लिहिलंय."

"स लिहायचा आणि त म्हणायचा?"

"हो."

"मग लिहायचाच कशाला?" आई पुटपुटत आत गेली. पावणेसहाशे वर्षांच्या लिपीवरचा माझा सगळा आक्षेप तिने तीन शब्दांत मांडला होता.

भाचीने पाकीट उलटं केलं, मागची बारीक अक्षरं झरझर वाचली, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मामा, ही बाजू मात्र मनातल्या मनात वाच."