लक्सरला जाताय? मग देर अल-मदिना मागून घ्या

गेला महिनाभर फीडवर इजिप्तच इजिप्त दिसतंय. गिझाचे पिरॅमिड, उंटावरचे फोटो, क्रूझवरच्या अंताक्षऱ्या, अबू सिंबल. मजा आहे! पण लक्सरला नाईलच्या पश्चिम काठापर्यंत जाऊनही देर अल-मदिना एकाच्याही अल्बममध्ये नाही, हे काही मला पटत नाही.

व्हॅली ऑफ द किंग्जमधल्या राजांच्या कबरी ज्यांनी खोदल्या, रंगवल्या, त्या कारागिरांचं हे गाव. खेटून खेटून बांधलेल्या घरांच्या ठेंगण्या भिंती उरल्यात आणि बाजूच्या उतारावर त्यांच्या स्वतःच्या कबरी. त्यातली सेन्नेजेम नावाच्या कारागिराची बघाच. 1886 साली सापडली तेव्हा चोरांचा हात न लागलेली होती. अरुंद, उभ्या पायऱ्या, वाकून आत शिरायचं, आणि समोर कमानदार छताची एवढीशी खोली, हळदीसारखी पिवळी. एका भिंतीवर परलोकातलं शेत आहे. सेन्नेजेम नांगर धरतोय, बायको मागून बी पेरतेय. दोघंही पांढऱ्याशुभ्र, चुणीदार लिननच्या कपड्यांत. (नांगरायला असं नटून कोण जातं? पण स्वर्ग आहे, तिथे चिखल कशाला लागेल.) राजांच्या कबरींत देवांची गर्दी फार. इथे मात्र एक नवरा-बायको भेटतात.

या लोकांचे खाडेसुद्धा टिकलेत. राजा रामसेस दुसरा याच्या कारकिर्दीच्या 40व्या वर्षाचा हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, चुनखडीच्या चपट्या दगडावर लिहिलेला. कारणं लाल शाईत: कोणी आजारी, कोणाला विंचू चावला, कोणी घरी बिअर करायला थांबला, कोणी आईच्या अंत्यविधीत. पुढे रामसेस तिसरा याच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी पगार थकला. पगार म्हणजे धान्य. तेव्हा हे लोक काम टाकून, भूक लागली म्हणत थेट मंदिरांपाशी जाऊन बसले. हा लेखी नोंद असलेला जगातला सर्वांत जुना संप मानतात. ती नोंद ज्यावर आहे तो पपायरस, म्हणजे जुना इजिप्शियन कागद, इटलीत, तुरिनला आहे.

याउलट व्हॅलीतली राजा तुतनखामुनची कबर. 1922चा शोध, नाव मोठं, तिकीट वेगळं आणि महाग. आत रंगवलेली खोली एकच, खजिना केव्हाच कैरोला गेलेला. ममी तिथे आहे, हे मान्य. पण दोन्हींतलं एकच जमणार असेल तर मी डोळे झाकून सेन्नेजेम म्हणेन.

टूरवाल्यांना विचारलं की "वेळ बसत नाही" हे ठरलेलं उत्तर. त्याच दुपारी अलाबास्टरच्या दुकानात फुलदाण्या दाखवत ग्रुपला बसवून ठेवतात, तिथे बरा वेळ बसतो! तेव्हा पैसे भरायच्या आधीच देर अल-मदिना कार्यक्रमात लेखी घालून घ्या. ऐकत नसतील तर मोकळ्या वेळात चौघं मिळून टॅक्सी करा, व्हॅलीपासून फार लांब नाही.