कुलाबा किल्ल्याला जाताना तिथी बघा

मुंबईजवळच्या उन्हाळी सहलींच्या तुमच्या यादीत अलिबाग आलं, बरं वाटलं. पण तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याला ‘चालत जाता येतं’ एवढंच लिहून सोडलंय. अहो, ओहोटी असेल तरच! आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पाणी ओसरलेलं असतं, ऊनही चढलेलं नसतं. पौर्णिमेला दुपारी बाराला पोचाल तर किनाऱ्यावरूनच किल्ला बघा.

गेल्या मे महिन्यात ठाण्याहून भाचरं आली होती. किल्ल्यात चुन्याशिवाय रचलेले दगड बघितले, गणपतीचं दर्शन झालं, पण परतीच्या वाटेवर धाकटा बसला तो उठेचना. बारीक खेकडे बिळातून वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या बाहेर टाकत होते. पाऊल वाजलं की गडप! तो श्वास रोखून बघत राहिला आणि आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून निघालो ते गुडघाभर पाण्यातून बाहेर पडलो. वहिनीची बोलणी मीच खाल्ली.

रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने आलात तर मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट अलिबागजवळच्या मांडव्याला उतरता येतं. वाटेत ताडगोळे घ्या, कोवळेच मागा. जून झाले की रबर. बाकी तुमच्या यादीतल्या वॉटरपार्कचं म्हणाल तर त्यासाठी इतक्या लांब कशाला यायचं?