आरशापेक्षा वहीवर विश्वास ठेवा

स्ट्रेंथ ट्रेनिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी वजने उचलण्याचा व्यायाम, नव्याने सुरू केलेली बरीच माणसे दोन-तीन महिन्यांत ते सोडून देतात आणि सगळा दोष स्वतःच्या आळसावर टाकून मोकळी होतात. मला हे निदान पटत नाही. खरा आळशी माणूस जिमची पायरीच चढत नाही. ही माणसे तर पहिला महिनाभर नेमाने येतात, सांगितलेले सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक फेरा म्हणजे सेट) पूर्ण करतात आणि तरीही ‘काहीच फरक पडत नाही’ असे म्हणत हळूहळू यायची बंद होतात. फरक पडलेला असतो, पण तो सर्वांत आधी जिथे उमटतो तिथे पाहायला त्यांना कुणी सांगितलेले नसते.

पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेच्या जोरावर वाढते. मोरितानी आणि डीव्हरीस या संशोधकांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवले होते : सुरुवातीच्या वाढीत मोठा वाटा मेंदूकडून स्नायूंना मिळणाऱ्या आदेशांच्या सुधारणेचा असतो, आणि स्नायूंच्या आकाराचा वाटा साधारण तीन ते पाच आठवड्यांनंतर वरचढ होऊ लागतो. हे समजून घ्यायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलण्याचा व्यायाम, करणाऱ्या एखाद्या नवशिक्याकडे नीट पाहिले तरी पुरे. बार, म्हणजे लोखंडी दांडा, नुसता, २० किलोचा, एकही प्लेट (वजनाची चकती) न लावलेला असतो, तरी वर जाताना तो थरथरतो. उजवी बाजू आधी पोहोचते, डावी मागे रेंगाळते, मनगटे मागे वाकतात आणि सहाव्या-सातव्या रेपला, म्हणजे आवर्तनाला, बार खाली येताना छातीऐवजी पोटाकडे सरकू लागतो. काही आठवड्यांनी त्याच माणसाच्या हातातला तोच बार दोन्ही बाजूंनी एकदम, सरळ वर जातो. त्या दिवशी त्याचा दंड टेपने मोजला तर तो तसूभरही वाढलेला नसेल, पण त्याच्या शरीराने एक अवघड काम शिकलेले असते, आणि माझ्या मते नवशिक्याच्या पहिल्या दोन महिन्यांतील सर्वांत मोठी कमाई हीच असते.

आता हा माणूस घरी जाऊन काय करतो? आरशासमोर उभा राहतो किंवा वजनकाट्यावर चढतो. काट्यावरचा आकडा पाणी, मीठ, आदल्या रात्रीचे जेवण यांमुळे एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय चरबी थोडी घटली आणि स्नायू थोडे वाढले तर तो आकडा जागचा हलत नाही. आरशाची गत याहून वाईट आहे, कारण रोज पाहिलेल्या चेहऱ्यामोहऱ्यातला संथ बदल डोळ्यांना कळतच नाही. म्हणजे मेहनत एका ठिकाणी फळ देते आणि माणूस दुसऱ्याच ठिकाणी फळ शोधत बसतो. अशा वेळी त्याचा हुरूप ओसरला तर त्यात त्याच्या स्वभावाचा दोष काय?

म्हणून माझे ठाम मत असे आहे, की नवशिक्याने पहिल्याच दिवशी एक साधी वही करावी आणि प्रत्येक व्यायामापुढे तारीख, वजन, सेट, रेप्स आणि शेवटचा रेप किती जड गेला याविषयी एक-दोन शब्द लिहावेत. मोबाइलवर लिहिले तरी चालेल, मात्र दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत मोबाइल हातात घेतला की ती विश्रांती किती लांबते हे सर्वांना ठाऊक आहे. स्क्वॉटच्या (खांद्यांवर बार घेऊन मारायच्या बैठकांच्या) पानावर ‘३० किलो, ३ सेट, ८ रेप्स, शेवटचे दोन फार जड’ असे लिहिलेले असते आणि काही दिवसांनी त्याच वजनापुढे ‘१० रेप्स, अजून एक झाला असता’ अशी नोंद होते. ही ओळ कुणाच्याही शाबासकीपेक्षा जास्त कामाची आहे, कारण ती खरी आहे आणि स्वतःच्या अक्षरात आहे. हुरूप आधी येतो आणि मग व्यायाम होतो, असा समज सर्वत्र दिसतो. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. जमू लागले की आवडू लागते.

वहीचा दुसरा उपयोग वजन किती वाढवायचे हे ठरवण्यासाठी होतो. बहुतेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून वाढ अडीच किलोची. शंभर किलो उचलणाऱ्यासाठी ही अडीच टक्क्यांची वाढ झाली. नुसत्या २० किलोच्या बारने ओव्हरहेड प्रेस (खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलणे) करणाऱ्यासाठी तीच वाढ साडेबारा टक्के होते. तो नवशिका अडखळतो आणि आपल्याला हे जमणारच नाही असे धरून चालतो. खरे तर त्याने वजन तेच ठेवून आठ रेप्सवरून बारा रेप्सपर्यंत जावे आणि मगच प्लेट चढवावी. इतकी साधी गोष्ट न सांगितल्यामुळे किती जणांनी खांद्याचा व्यायाम कायमचा टाळला असेल, कोण जाणे.

हुरूप मारण्याचा आणखी एक हमखास मार्ग म्हणजे पहिल्याच दिवशी नव्या माणसाला पिळून काढणे. काही ट्रेनरना यात पुरुषार्थ वाटतो. दुसऱ्या दिवशी अंग आंबते, मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि हे दुखणे साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. लॅक्टिक अॅसिड साचल्यामुळे असे होते, ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. अनोळखी हालचालीने, विशेषतः वजन खाली आणताना पडणाऱ्या ताणाने, स्नायूतंतूंना होणाऱ्या सूक्ष्म इजा आणि त्यानंतरची दाहक प्रतिक्रिया ही त्यामागची कारणे मानली जातात. तोच व्यायाम पुन्हा केला की शरीर सरावते आणि पुढच्या खेपेला दुखणे बरेच कमी होते. पण पुन्हा करण्याइतका माणूस टिकला तर! पहिले दोन आठवडे प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन रेप्स हातचे राखून थांबावे, असे मी आग्रहाने म्हणेन. सांध्यात तीक्ष्ण कळ येत असेल तर ते अंग आंबणे नव्हे, आणि अतोनात व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. याला सहनशक्तीची परीक्षा समजू नये.

दिवस किती, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूगटांचा व्यायाम करायला सांगतात. नवशिक्याने दोन किंवा तीन दिवस ठरवावेत. सहा दिवसांचे वेळापत्रक कागदावर रुबाबदार दिसते, पण त्यातला एक दिवस हुकला की सगळे विस्कटले असे वाटते आणि माणूस तो अख्खा आठवडाच सोडून देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. त्यात नवी गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले, पण व्यक्तीव्यक्तीत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. आणि एखादी खेप चुकल्यामुळे सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. ‘एकवीस दिवसांत सवय’ छापाचे दावे करणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. चुकलेला दिवस भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करणे हा मात्र वेडेपणा आहे.

शेजारच्या बाकावरच्या माणसाशी तुलना करण्याविषयी एवढेच, की त्याची वही आपल्याकडे नसते. तो किती वर्षांपासून येतो, त्याचे वय काय, झोप किती, यातले काहीच माहीत नसताना त्याच्या प्लेटा मोजण्यात अर्थ नाही. ‘आता वय उलटून गेले’ असे म्हणणाऱ्यांसाठी १९९० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो : नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या लोकांनी आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मूळची ताकद फारच कमी होती, त्यामुळे टक्केवारी एवढी मोठी दिसते, हे मान्य. तरीही नव्वदीतले शरीर प्रतिसाद देते, हे त्यातून स्पष्ट होते.

काही महिन्यांनी दर आठवड्याची वाढ थांबेल. वहीची दोन-तीन पाने तेच आकडे दाखवतील आणि मन पुन्हा खट्टू होईल. त्या वेळी कार्यक्रम बदलण्याची घाई करण्याआधी झोप आणि आहार तपासावा, एक आठवडा उचलायचे वजन मुद्दाम कमी करून पाहावे, आणि वाढ आठवड्याऐवजी महिन्याच्या हिशेबाने मोजायला लागावे, कारण सुरुवातीचा झपाटा ओसरल्यावर ताकद महिन्याच्याच हिशेबाने, संथपणे वाढते.