मूठभर गॅस आणि त्याचं बिल

फ्रिजमध्ये गॅस भरण्याच्या बिलाबद्दलची तुमची प्रतिक्रिया झोंबणारी आहे, तरी मुद्द्याची आहे. फ्रिजमध्ये गॅस जातो मूठभर, त्याचं एवढं बिल म्हणजे निव्वळ लूट. तुमच्याकडे निम्म्या पैशांत, अर्ध्या तासात भरून दिला. आणि मी मेकॅनिकांची वकिली करतोय, असं तुमचं म्हणणं.

मूठभर तर खरंच. आर-६००ए या गॅसवर चालणाऱ्या घरगुती फ्रिजला बहुधा शंभर ग्रॅमही लागत नाही, आर-१३४ए हा दुसरा गॅस असेल तर जरा जास्त. पण तो गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. पैसे लागतात ते लीक शोधायला आणि बुजवायला. नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघायचं, जॉइंटना साबणाचा फेस लावायचा, ब्रेझिंग करायचं (धातू वितळवून जोड बुजवायचा), फिल्टर बदलायचा, व्हॅक्यूम काढायचा (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायची) आणि मग काट्यावर मोजून गॅस सोडायचा. हे सगळं अर्ध्या तासात? मला नाही पटत.

काटछाट होते ती बहुतेक व्हॅक्यूममध्ये, कारण गिऱ्हाइकाला ते कळत नाही. आत ओल राहिली तर ती कॅपिलरी नावाच्या बारीक नळीच्या टोकाशी, जेमतेम मिलिमीटरभरही नसलेल्या भोकात, बर्फ होऊन बसते. फ्रिज चालता चालता थंड करायचा थांबतो. बंद ठेवला की बर्फ वितळतो आणि स्वारी पुन्हा ठणठणीत! मग ‘परत गॅस गेला’ म्हणून दुसरं बिल. तुमच्याकडे असं काही होतंय का, तेवढं बघा.

बिलावर नुसतं ‘गॅस चार्जिंग’ लिहून मोठा आकडा टाकणाऱ्यांबद्दलचा तुमचा राग मात्र रास्त आहे. लीक कुठे होता आणि किती ग्रॅम भरला, हे विचारायलाच हवं. किती भरायचा ते फ्रिजच्या स्टिकरवर छापलेलं असतं. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडताना कॉइलला भोक पडलं असेल तर निदान ते सापडतं तरी. भिंतीतल्या फोमच्या आत दडलेली नळी गंजली असेल आणि फ्रिज जुना असेल, तर मी स्वतः एक पैसाही घालणार नाही.

आणि हो, दाराचं रबर सैल झालं किंवा थर्मोस्टॅट गेला तरी लोक ‘गॅस संपला’ म्हणतात. तुमच्या मेकॅनिकने भरण्याआधी हे तपासलं होतं का?