बूट दुखला म्हणजे पकड आली, हे खरं नाही

वडोदऱ्यातल्या आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपांवर गेला महिनाभर एकच मेसेज फिरतोय: ‘प्रस्तरारोहणाचा बूट दोन नंबर लहानच घ्या, दुखला तरच पकड मिळते. पातळ, सपाट तळाचे बेअरफूट बूट ही नुसती फॅशन. बायकांचा बूट म्हणजे पुरुषांच्याच बुटाचा छोटा नंबर.’ नव्याने चढायला लागलेल्या मुली हे वाचून बूट मागवताहेत, म्हणून लिहिते आहे.

‘दुखला तरच पकड.’ पकड देतं ते तळाचं रबर, आणि ते कातळाला किती टेकतं त्यावर सगळं असतं. वडोदऱ्याजवळच्या पावागडच्या उताराच्या कातळावर पाय ठेवायला खाच नसते तेव्हा टाच खाली सोडून अख्खा चवडा दगडावर दाबावा लागतो. बोटं आत मुडपलेली असतील तर चवडा नीट पसरतच नाही. बूट अंगासरशी हवा, आत पोकळी नको, एवढं खरं. पण अंगासरशी असणं वेगळं आणि चेंगरणं वेगळं. शिवाय अस्तर नसलेला चामड्याचा बूट वापरून सैलावतो, कृत्रिम कापडाचा फारसा सैलावत नाही. मग दोघांना ‘दोन नंबर लहान’ हा एकच नियम कसा लागेल?

‘बेअरफूट म्हणजे फॅशन.’ जर्मनीच्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मावर बर्न्ड आर्नोल्ड अनवाणी चढले. फ्रान्सचा शार्ल अल्बेर आजही फोंतेनब्लोच्या जंगलातले अतिशय अवघड धोंडे अनवाणी चढतो. आणि आपल्याकडे? दोरीच्या मल्लखांबावर मुली अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोरी धरून अंग तोलतात. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखा जुना आखाडा असलेल्या आमच्या शहरात पायाच्या बोटांची ताकद समजावून सांगावी लागते, याचं मला वाईट वाटतं.

मात्र मेसेजच्या बाजूचंही एक सांगायला हवं. बोटाच्या पेराएवढ्या कडेवर उभं राहायचं असेल तर ताठ तळ खरोखर मदत करतो. तळ मऊ असला की तेच काम पोटऱ्यांना आणि बोटांना करावं लागतं, आणि सवय नसलेल्या पोटऱ्या दहा मिनिटांत थरथरतात. म्हणून पातळ बूट आधी थोडा वेळ, सोप्या चढाईला वापरा. आणखी एक: पळण्याचे बेअरफूट बूट कातळावर चालत नाहीत. त्यांच्या तळाला चढाईचं चिकट रबर नसतं.

‘बायकांचा बूट म्हणजे छोटा नंबर.’ साचाच वेगळा असतो. टाच अरुंद, पावलाची वरची बाजू बसकी. वजन कमी असलेल्या व्यक्तीला ताठ तळ वाकवता येत नाही, म्हणून काही बुटांचा तळही मऊ ठेवतात. पण सगळ्या बायकांची पावलं सारखी नसतात. त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय ते पाहू नका, टाच आत हलते का ते पाहा.

मेसेजच्या शेवटी ‘नखं काळी पडणं हा सरावाचाच भाग’ असंही आहे. दाबामुळे नखाखाली साकळलेलं रक्त आहे ते! तसं झालं तर बूट बदला. अंगठा वर्षानुवर्षं आत दाबला गेला तर सांधा वाकडा होण्याची भीती असते, आणि तो आपोआप सरळ होत नाही.

बूट संध्याकाळी घालून पाहा, दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडा फुगलेला असतो. माझ्याकडे ३७ आणि ३८ नंबरचे दोन जोड आहेत, एक ताठ तळाचा, एक पातळ. रविवारी पावागडला येणाऱ्या मुलींनी दोन्ही घालून एकाच उतारावर चढून पाहावं, मगच पैसे खर्च करावेत.